मस्टँग जीटी: पार्ट आधी की ट्यून आधी? बेळगावची हवा आणि ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल धरून सांगा

तिसरं_गेट_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. आमच्या दादानं बेंगळुरूहून सेकंडहँड मस्टँग जीटी आणलीय. २०१७ चं मॉडेल, ५.० लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक, अजून सगळी कंपनीची. रोजच्या वापराची नाही. रविवारी सकाळी हायवेनं संकेश्वरपर्यंत, नाहीतर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरून गोव्याला.

गाडीत दम आहे, त्यात वाद नाही. पण व्हिडिओत अमेरिकेतल्या जीटी ३००० आरपीएमच्या वर जशा सुटतात तशी ही सुटत नाही. दादानं यादी काढलीय: कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा ओढणारी नळी आणि फिल्टर), लाँग ट्यूब हेडर (इंजिनला लागून असलेले एक्झॉस्टचे लांब पाइप), मागचा मोकळा सायलेन्सर, मोठी थ्रॉटल बॉडी (आत जाणाऱ्या हवेची झडप), गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग आणि परदेशातून मेलवर येणारी तयार ट्यून फाइल, म्हणजे इंजिनच्या संगणकाची बदललेली सेटिंग. बजेट सहा लाखांच्या आसपास. यातलं आधी काय घ्यावं आणि काय सोडावं? ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी सांगा की.

निपाणी_केए२३

दादाला सांग, एवढे बारीकसारीक पार्ट घेत बसू नको. सरळ सुपरचार्जर, इंजिनात हवा दाबून भरणारा पंप. ह्या कोयोटी इंजिनवर (फोर्डच्या ५.० व्ही८ चं नाव) योग्य किट आणि ट्यून बसली की सहाशेच्या वर घोडे निघतात, आतलं काही न उघडता. हेडर-इनटेकवर दीड-दोन लाख घालून तीस-चाळीस घोडे मिळवायचे, त्यापेक्षा थांबून पैसे साठवावेत असं माझं मत.

लोंढा_जंक्शन

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, आता पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचंच काम करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न आपल्या भागातून क्वचित येतो आणि त्याचं उत्तर अमेरिकन व्हिडिओत मिळत नाही.

पहिलं म्हणजे तुमची गाडी अमेरिकेतली जीटी नाही. २०१६ मध्ये इथे आलेल्या जीटीला कंपनीनं ४०१ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकद आणि ५१५ एनएम टॉर्क लिहून दिलं. त्याच पिढीची अमेरिकेतली गाडी ४३५ अश्वशक्तीची. म्हणजे कारखान्यातूनच फरक आहे.

दुसरं, बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी असतो. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढंच पेट्रोल जाळणार, म्हणून ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. ४०१ चे इथे ३७० च्या आसपास राहतात, तेही गाडी नवी असताना. चोर्ला उतरून साखळीला पोचल्यावर हीच गाडी जास्त चपळ वाटते ना? दादाला विचारा. मी पैज लावायला तयार आहे की त्याला ते जाणवलं असेल.

तिसरं पेट्रोल. त्यावर पुढे वेगळं लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी गाडी मोजा. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला) लावायचं लॉगिंगचं, म्हणजे आकडे नोंदवणारं यंत्र घ्या, ट्यूनरकडे फाइल पाठवता येते असं. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो), लॅम्डा (मिश्रणात गरजेच्या किती पट हवा आहे), इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते), नॉक सेन्सरची दुरुस्ती (नॉक म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक), इनटेकच्या हवेचं तापमान, सिलिंडर हेडचं तापमान आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान, एवढं नोंदवा. फोर्डच्या ह्या संगणकात ऑक्टेन ॲडजस्ट रेशो नावाचा आकडा असतो, तो सगळ्यात मोलाचा. उणे एक म्हणजे इंजिनला पेट्रोल मानवलंय आणि ते टायमिंग वाढवतंय. अधिक एक म्हणजे पेट्रोल कमी दर्जाचं समजून ते टायमिंग मागे ओढतंय. हा आकडा अधिकात अडकला असेल तर तुमचे घोडे पेट्रोलच्या टाकीतच अडकलेत. मग हेडर लावून काय उपयोग?

निपाणी_केए२३

लोंढा सर, सुपरचार्जरवर तुमचं मत काय? उंचीची कमी त्यानंच भरून निघते ना?

लोंढा_जंक्शन

हवेची कमी भरून निघते, हो. पण ताकद वाढली की ती पेलायला बाकीचं सगळं लागतं: इंजेक्टर, पेट्रोल पंप, इंटरकूलरचं पाणी, ब्रेक, टायर, गिअरबॉक्स. आणि ह्या इंजिनचं कॉम्प्रेशन ११:१ आहे. त्यावर बूस्ट (हवेचा जादा दाब) द्यायचा तर पेट्रोल प्रत्येक टाकीला एकाच दर्जाचं हवं. हुबळी ते कोल्हापूर ह्या पट्ट्यात ती खात्री कोण देणार? दुसऱ्याच्या पंपावर एकदा भरलेल्या हलक्या पेट्रोलवर बूस्टवालं इंजिन पिस्टनची रिंग-लँड (रिंगांच्या खाचांमधली भिंत) तोडू शकतं, आणि तुम्हाला आवाज ऐकू येईपर्यंत काम झालेलं असतं. मी नको म्हणत नाही. पण ते शेवटचं पाऊल.

उद्यमबाग_लेथ

सुपरचार्जरचा विषय निघालाच आहे तर माझ्या धंद्याचं सांगतो. कोयोटीचा ऑइल पंप क्रँकशाफ्टच्या नाकावरच बसतो आणि त्याचे गिअर पावडर मेटलचे असतात. पावडर मेटल म्हणजे धातूची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजलेली. कंपनीच्या ताकदीला ते पुरतात. पण रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) गाडी वारंवार आदळली, किंवा सुपरचार्जरच्या बेल्टनं क्रँकवर जादा ओढ आली, की क्रँकच्या कंपनानं त्याचे तुकडे होतात. तेलाचा दाब शून्य, दोन सेकंदांत बेअरिंग गेले. म्हणून सुपरचार्जर लावणारा शहाणा माणूस आधी अखंड पोलादातून कापलेले गिअर आणि क्रँकचं स्प्रॉकेट बदलतो. त्यासाठी इंजिनचं पुढचं कव्हर, टायमिंग चेन, सगळं काढावं लागतं. किटच्या किमतीत हे कुणी धरत नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो. आपल्याकडे मशिनशॉपला तोटा नाही, उद्यमबागेत काय वाटेल ते बनवून मिळतं असं सगळे म्हणतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. हायड्रॉलिकचे, क्रँकचे, पंपाचे पार्ट इथून देशभर जातात. पण नमुना घेऊन येऊन "अण्णा, असाच एक काढून दे" म्हणणारे येतात तेव्हा मी पंपाच्या गिअरला हात लावत नाही. मटेरियलचा ग्रेड, हीट ट्रीटमेंट, दातांची ग्राइंडिंग, मायक्रॉनमधला क्लिअरन्स हे नमुन्यावरून कळत नाही. ब्रॅकेट द्या, स्पेसर द्या, सायलेन्सरचे फ्लँज द्या, कॅच कॅनचं (तेलाची वाफ अडवणाऱ्या डब्याचं) बसवणं द्या, हौसेनं करून देतो. तेलाच्या वाटेतला पार्ट मात्र ज्यानं डिझाइन केला त्याच्याकडूनच घ्या.

हेडरचं पण ऐका. अमेरिकेतले हेडर डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीचे. आपल्या उजवीकडच्या गाडीत स्टिअरिंगचा शाफ्ट त्या बाजूच्या एक्झॉस्टजवळून खाली जातो, तिथे तो हेडर आडवा येतो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी मुद्दाम बनवलेले हेडर ऑस्ट्रेलिया, इंग्लंडकडे मिळतात. मागवताना हे बघितलं नाही तर पेटी तशीच माळ्यावर पडते. आणि कापून वेल्डिंग करून बसवायच्या भानगडीत पडू नका. शाफ्टच्या शेजारी लाल होणारा पाइप म्हणजे स्टिअरिंगच्या सांध्याचं रबर आणि ग्रीस दोन्ही शिजणार.

तिसरं_गेट_टिळकवाडी

काका, हे हेडरचं सांगितलंत ते फार बरं झालं, दादा ऑर्डर टाकण्याच्या बेतात होता. लोंढा सर, लॉगिंगचं यंत्र मागवलंय. डायनो (रोलरवर गाडी चढवून ताकद मोजायची चाचणी) कुठे करावा, पुणे की बेंगळुरू?

लोंढा_जंक्शन

जिथे कराल तिथेच पुन्हा करा, एवढंच पाळा. पुणे ५६० मीटरच्या आसपास, बेंगळुरू ९०० च्या वर. आधीचा आकडा एका गावचा आणि नंतरचा दुसऱ्या गावचा घेतलात तर हेडरनं वाढवले की हवेनं, हे कधीच कळणार नाही. कागदावर करेक्शन फॅक्टर (हवेचा दाब-तापमान धरून आकडा सुधारायचा गुणक) छापलेला असतो तो बघा, आणि करेक्शन न केलेला आकडाही मागून घ्या. तुम्ही गाडी चालवणार बेळगावात, करेक्शनमध्ये नव्हे. ऑटोमॅटिकमध्ये चाकापर्यंत पोचता पोचता पंधरा-अठरा टक्के वाटेत जातात, तेव्हा ३०० च्या जवळचा आकडा बघून दादानं तोंड पाडू नये.

फुल थ्रॉटलची ओढ डायनोवरच. हायवेवर नाही. वंटमुरीच्या उतारावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा नसतो, ऊस तोडणीच्या दिवसांत तर अजिबात नाही. आपल्या रस्त्यावर फक्त साध्या चालीचे लॉग घ्या: ट्रॅफिक, स्थिर वेग, घाट चढताना अर्ध्या थ्रॉटलवर. ट्रिम समजायला तेवढं पुरतं.

कायदा_बेळगाव

मजा चाललीय ती चालू द्या, पण मी वकील आहे आणि अपघाताच्या दाव्यात उभी राहते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२), पहिल्या वेळेला १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन महिने गदा.

दंडाचं फारसं नाही. खरी भीती विम्याची. इंजिनचं काम कंपनीला कळवलं नसेल आणि मोठा अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीचा दावा अडवायला त्यांना आयतं कारण मिळतं. अशा फायली मी पाहिल्यात. घरातला कर्ता माणूस हॉस्पिटलात आणि बायको कागद घेऊन फिरतेय. काय बदल करणार ते लेखी कळवा, लेखी उत्तर घ्या. कॅट (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर) काढायचा विचार तर सोडाच.

निपाणी_केए२३

ताई, आमच्याकडे बरेच जण कोल्हापूरचं पासिंग ठेवतात. एमएच०९ असेल तर इकडचे कोण विचारत नाहीत म्हणतात.

कायदा_बेळगाव

कोगनोळीची सीमा ओलांडली म्हणून कायदा बदलत नाही, मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. आणि दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की कलम ४७ प्रमाणे तिथलं पासिंग करून घ्यावं लागतं. आपण सीमेवरची माणसं, दोन्हीकडे घरं, दोन्हीकडे शेती, हे मला मान्य. पण गाडी रात्री जिथे उभी राहते तिथलाच पत्ता धरला जातो.

चिकोडी_डिस्टिलरी

लोंढा सरांनी पेट्रोलवर लिहितो म्हटलंय, त्याआधी माझ्या बाजूचं. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लॅबमध्ये आहे. आपल्याच शेतातला ऊस, त्याची मळी नाहीतर रस, त्याचं इथेनॉल आणि तेच फिरून आपल्या टाकीत. लोक विचारतात, मळीचं चांगलं की रसाचं? पाणी काढून निर्जल केलेलं इथेनॉल रसायन म्हणून एकच. इंजिनला मळी कळत नाही.

कळतं ते पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात खानापूर-कणकुंबी पट्ट्यात गाडी महिना-महिना शेडमध्ये उभी असते, टाकी अर्धी रिकामी, वर दमट हवा. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर खाली बसतो, आणि पंप नेमका खालूनच ओढतो. तेव्हा गाडी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, झाकणाचं रबर तपासा. वापरली नाही तरी चालेल असं समजू नका, मधे मधे चालवून पेट्रोल फिरवा.

लोंढा_जंक्शन

धन्यवाद, हेच मला हवं होतं. आता पेट्रोल.

अमेरिकन ट्यूनर विचारेल, तुमच्याकडे ९१ मिळतं की ९३? इथे पाय घसरतो. त्यांच्या पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन (ऑक्टेन, म्हणजे नॉक टाळायची पेट्रोलची ताकद, मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी असते, आपला नुसता आरओएन. त्यांचं ९१ म्हणजे आपलं जवळजवळ ९५-९६, त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९८. आपलं जुनं साधं पेट्रोल आरओएन ९१ होतं, म्हणजे त्यांच्या हिशोबात ८७. इथला माणूस पंपावर ९१ बघून हो म्हणतो, ट्यूनर त्याच्या ९१ चं टायमिंग देतो, आणि इंजिन नॉक मारायला लागतं. आता सरकारी माहितीत ई२० चं आरओएन ९५ दिलंय, म्हणजे त्यांच्या ९०-९१ च्या घरात. परिस्थिती सुधारली. पण ट्यूनरला नेहमी "आरओएन अमुक, इथेनॉल २० टक्के" असं पूर्ण वाक्य लिहून कळवा.

ई२० ला लोक नुसत्या शिव्या घालतात, ते मला पटत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यानं आत जाणारी हवा थंड होते. ट्यूनिंगच्या दृष्टीनं हे वरदान आहे. घ्यायचं कसं ते समजलं पाहिजे. दुसरी बाजू अशी की त्यात ऊर्जा कमी, म्हणून पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त पेट्रोल. ॲव्हरेज पडतं ते यामुळे. म्हणून ट्यूनरशी बोलताना हवा-पेट्रोल प्रमाणाचे १२.८, १३.२ असे आकडे बोलू नका, लॅम्डा बोला. फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८५ ते ०.८८, पेट्रोल कुठलंही असो अर्थ तोच राहतो. १२.८ चा अर्थ मात्र पेट्रोलगणिक बदलतो.

२०१७ ची गाडी ई२० साठी बनलेली नाही, तेव्हा इंधनाच्या वाटेतली रबरं आणि सील नजरेखाली ठेवा. आपल्याकडे ई२० मानवणारं मटेरियल असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या.

आता इनटेक. कोल्ड एअर इनटेक नुसता बसवून ट्यून नंतर बघू म्हणणारे भेटतात. ह्या इंजिनात हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर इनटेकच्या नळीतच बसतो. नळी रुंद झाली की तेवढीच हवा सेन्सरजवळून सावकाश जाते आणि संगणकाला वाटतं हवा कमी आली. तो पेट्रोल कमी सोडतो. मिश्रण पातळ. साध्या चालीत ऑक्सिजन सेन्सर बघून तो चूक भरून काढतो, पण इंजिनवर किती भार आहे हा त्याचा हिशोबच खोटा झालेला असतो, आणि टायमिंग त्याच हिशोबावर ठरतं. एवढंच नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्लच पॅक किती दाबानं धरायचे हेही इंजिन किती टॉर्क देतंय या हिशोबावरच ठरवतो. टॉर्क खरा ५००, हिशोबात ४५०, म्हणजे क्लच हळूहळू घसरत जळणार. गिअरबॉक्स गेल्यावर मग लोक म्हणतात फोर्डचा गिअरबॉक्स कच्चा.

माझ्या माहितीतल्या एका गाडीचं असंच झालं. इनटेक एका गॅरेजनं बसवला, ट्यून दुसऱ्यानं तयार फाइलमधून टाकली, दोघांनी एकमेकांना फोनसुद्धा केला नाही. मालकाला शेवटी गिअरबॉक्स उघडावा लागला.

मेलवर येणारी ट्यून वाईट नसते. मी चांगल्या बघितल्यात. ट्यूनर फाइल पाठवतो, तुम्ही गाडी चालवून लॉग पाठवता, तो दुरुस्त करून परत पाठवतो, हे चार-पाच वेळा होऊ द्यायचं. जो एकदाच फाइल पाठवून पैसे घेतो त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि काहीही टाकण्याआधी कंपनीची मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा सर्व्हिस सेंटरवर विसंबून राहण्याचे दिवस गेले.

अथणी_काँटेसा

विषय मस्टँगचा आहे, पण मसल कार म्हटलं की आमच्यासाठी काँटेसा. वडिलांची १.८ जीएलएक्स, इसुझूचं इंजिन, पाच गिअर. ई२० आल्यापासून सकाळी थंडीत धरत नाही, चढाला खोकते, प्लग पांढरे पडलेत. मिस्त्री म्हणतो इंजिन उघडू. उघडायचं का?

उद्यमबाग_लेथ

अजिबात नाही. पांढरे प्लग म्हणजे मिश्रण पातळ. मस्टँगचा संगणक ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल वाढवतो, तुमच्या कार्ब्युरेटरला ते कोण सांगणार? जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल. ई२० ला नऊ टक्के जास्त हवं, पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे जातं, म्हणजे व्यास साडेचार टक्के वाढवायचा. जेट ११० नंबरचा असेल तर ११५ लावून बघा. ड्रिलनं खरवडू नका, नंबरचा जेट घ्या. आयडल जेट पण एक पायरी वर. मग दहाबारा किलोमीटर चालवून प्लग परत काढा, विटकरी रंग आला पाहिजे.

त्याआधी जुने काळे रबरी पाइप सगळे बदला. इथेनॉलनं आतून फुगतात, बारीक चुरा जेटमध्ये अडकतो. फ्लोरोइलास्टोमरच्या अस्तराचा पाइप मागा, दुकानात विटॉन म्हटलं की समजतात. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरची नीडल-सीट पण. आणा की एकदा बेळगावला, बरोबर बसून करू. काँटेसाचं काम करायला मला मनापासून आवडेल.

अथणी_काँटेसा

येतो काका. वडिलांनाही घेऊन येतो, त्यांना समोर बसून बघायचं असतं.

निपाणी_केए२३

माझी पोलो जीटी टीएसआय आहे, रिमॅपनं (नुसत्या ट्यूननं) फायदा मस्टँगपेक्षा जास्त मिळतो हे खरं का?

लोंढा_जंक्शन

टक्क्यांत हो. टर्बो आहे, फाइलनंच बूस्ट वाढवता येतो. मस्टँगमध्ये बूस्टच नाही, नुसत्या ट्यूनवर फार तर पंधरा-वीस घोडे. पण तुमच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या क्लचला टॉर्कची मर्यादा आहे, ती ट्यूनरला आधी विचारा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

तिसरं_गेट_टिळकवाडी

लॉग घेतले. सांगतो काय दिसलं. लाँग टर्म ट्रिम दोन्ही बँकला (सिलिंडरच्या दोन्ही रांगांना) अधिक सहा-सात. इनटेकच्या हवेचं तापमान ट्रॅफिकमध्ये, गोगटे सर्कलजवळ, ६० च्या पुढे. आणि ऑक्टेनचा तो आकडा: शहरातल्या ज्या पंपावर आम्ही नेहमी भरतो तिथल्या पेट्रोलवर अधिकात राहिला. टाकी जवळजवळ रिकामी करून हायवेवरच्या दुसऱ्या पंपाचं ९५ वालं प्रीमियम भरलं, दोन टाक्या चालवली, तो हळूहळू उण्यात गेला. पार्ट एकही बदलला नाही आणि दादा म्हणाला गाडी मोकळी झाली. मलाही शेजारी बसून जाणवलं.

लोंढा_जंक्शन

वा! हे वाचून फार आनंद झाला. बघा, अधिक सहा-सात म्हणजे संगणक ई२० ची जादा भूक स्वतः भरून काढतोय. दोन्ही बँकला सारखी आहे, म्हणजे एका बाजूला हवा गळत नाही. दहाच्या वर असती तर आधी इनटेकची गळती आणि सेन्सरची घाण शोधायला लावली असती. पेट्रोलचा पंप पक्का करा आणि त्याच्यावर राहा. ट्यून त्याच पेट्रोलवर होईल.

६० अंशांची हवा मात्र वाईट. इंजिन बे मधली गरम हवा आत जातेय. म्हणून तुमच्या यादीतला इनटेक घ्यायला माझी हरकत नाही, पण उघड्या फिल्टरचा नको. बंद डब्याचा, समोरच्या जाळीतून हवा ओढणारा घ्या. धुळीच्या दृष्टीनंही तोच बरा. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर काय उडतं ते सांगायला नको.

थ्रॉटल बॉडी सोडा. ह्या ताकदीला कंपनीची पुरते, मोठीनं फक्त पायाला गाडी उतावळी वाटते, आणि तेवढं ट्यूनमध्ये पेडलचा नकाशा (पेडल किती दाबलं की झडप किती उघडायची ते) बदलून फुकटात होतं. लोअरिंग स्प्रिंगही सोडा. जांबोटीच्या पुढचा रस्ता आणि गावागावातले स्पीड ब्रेकर बघता आहे ती उंचीसुद्धा कमी आहे. वाचलेले पैसे ब्रेक पॅड, ताजं डॉट ४ तेल आणि चांगल्या टायरवर घाला. चोर्ला उतरताना पावणेदोन टनांची गाडी थांबवायची असते.

हेडर ह्या वर्षी नको. इनटेक, ट्यून, गिअरबॉक्सचं शिफ्टिंग त्याच ट्यूनमध्ये, आणि कॅट शाबूत ठेवून मागचा सायलेन्सर, तोही दादाला आवाजाची फार हौस असेल तरच. त्यातून घोडे मिळत नाहीत, आवाज मिळतो.

कायदा_बेळगाव

आणि तो आवाज कॅम्पातून, हॉस्पिटलांसमोरून जाताना नियमाच्या आत राहिला पाहिजे. विम्याचं पत्र गेलं का?

तिसरं_गेट_टिळकवाडी

ताई, पत्र दिलं. इनटेक आणि ट्यून दोन्ही लिहून, उत्तर लेखी मागितलंय. उत्तर येईपर्यंत पार्ट बसवायचा नाही असं घरी ठरलं, आईनंच तसं सांगितलं. हेडरची ऑर्डर रद्द केली. दादा पॅड आणि टायर बघूलालाय.

लोंढा सर, एक विचारायचं राहिलं. बेसलाइन डायनो इनटेकच्या आधी करायचा की ट्यूनच्या दिवशीच दोन्ही?

लोंढा_जंक्शन

आधी. कंपनीची फाइल, कंपनीचा इनटेक, तुमचं ठरलेलं पेट्रोल बेळगावातून भरून न्या. टाकी अर्धी, टायरमध्ये हवा मोजून, चौथ्या गिअरमध्ये लागोपाठ तीन ओढी आणि मधे इंजिन थंड होऊ द्यायचं. पहिली ओढ सोडून द्या. तिन्हींचे लॉग आणि करेक्शन न केलेला कागद इथेच टाका. पुण्याला येणार असाल तर आधी कळवा, मी सुट्टी काढून येतो.

उद्यमबाग_लेथ

जायच्या आधी गाडी एकदा माझ्याकडे लिफ्टवर चढवा. चेन कव्हरजवळ तेल पाझरतंय का, मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललंय, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, एवढं बघून देतो. डायनोच्या रोलरवर सैल बोल्ट घेऊन चढू नये.